लांबलेला चातुर्मास

दर रविवारी तुम्ही फोनवर विचारायचात, "आजी, आजोबा कुठे आहेत?" आणि मी सांगायचे, "फिरायला गेलेत." ते फिरायला गेलेले नसायचे. आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलेले असायचे, आणि ते दार तुम्हाला दिसू नये अशा कोनात मी फोन धरायचे. हे बरेच महिने चाललं. आता ते खरोखरच फिरायला जातात, तेव्हा तुमच्या आईला मी विचारलं, मुलांना सगळं सांगू का. ती म्हणाली, "सांग. पण फोनवर नको, लिहून पाठव. तुला बोलताना पटकन काहीतरी रचून सांगता येतं, लिहिताना येत नाही." तिचं बरोबर आहे. वाचताना अडलात तर तिलाच विचारा.

अपघात झाला आणि समोरचे आजोबा त्यात गेले, एवढं तुम्हाला माहीत आहे. समोरच्या इमारतीतल्या गॅलरीतून तुम्हाला हाक मारणारे, मिशीवाले. ते आणि तुमचे आजोबा एकाच कारखान्यात होते आणि कित्येक वर्षं एकाच स्कूटरवरून कामावर गेले. कोथरूडला या सोसायटीत दोघांनी मिळून घरं घेतली, तीही समोरासमोर, म्हणजे सकाळी चहाचे कप हातात घेऊन गॅलरीतून एकमेकांना टोमणे मारता यावेत. "उठलात का साहेब?" असं तुमच्या आजोबांनी विचारलं की पलीकडून यायचं, "उठलो होतो. तुझं तोंड दिसलं, आता परत झोपतो." त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते आणि ती मलाही वहिनीच म्हणते. कोण मोठी, कोण धाकटी, हे आम्ही कधी ठरवलंच नाही.

ज्येष्ठात साताऱ्याला कारखान्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. उन्हात नको म्हणून आम्ही दोघी घरी राहिलो आणि ते दोघे गाडीने गेले. येताना, पुण्याच्या अलीकडचा बोगदा संपला की लांब उतार लागतो, तिथे मागून कांद्याचा ट्रक आला. त्याचे ब्रेक लागत नव्हते. पुढे कंटेनर उभा होता. गाडी दोहोंच्या मध्ये सापडली, ट्रकमधली पोती फुटली आणि फुटक्या काचांमधून कांदा आत आला. लोकांनी पत्रा कापून दोघांना बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला. तुमच्या आजोबांचा उजवा हात आणि बरगड्या मोडल्या. समोरचे आजोबा तिथेच, गाडीतच गेले. पण लगेच नाही. काही वेळ ते शुद्धीवर होते आणि बोलत होते. त्या वेळात ते काय बोलले, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

आजोबा दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात मी एकदा पिठलं करायला घेतलं. फोडणीत कांदा पडला मात्र, बाहेरच्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर ते बेसिनला धरून उभे, अंगावरचा सदरा घामाने भिजलेला. "काय होतंय?" विचारलं तर म्हणाले, "ट्रक." मी खिडकीतून खाली पाहिलं. खाली ट्रक नव्हता. मग माझ्या लक्षात आलं. गॅस बंद केला, पिठलं टाकून दिलं, घरातले होते नव्हते तेवढे कांदे पिशवीत भरून खाली रखवालदाराला नेऊन दिले.

कांद्याशिवाय स्वयंपाक मला जमतो. माझ्या सासूबाई चातुर्मास कडक पाळायच्या, चार महिने घरात कांदा-लसूण यायचा नाही. त्यांच्यामागे मी तो एकदाही पाळला नव्हता. पण त्या वर्षी आषाढी एकादशी तोंडावर होती. दारावरच्या भाजीवाल्याने "आजी, कांदा नको?" म्हणून विचारलं, शेजारीण तिथेच उभी होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता चातुर्मास ना, आम्ही सोडलाय." इतकं सोपं होतं ते. कुणीही पुढे काही विचारलं नाही. उलट जिन्यात बायका थांबून म्हणू लागल्या, तुमचं कौतुक आहे, एवढ्या मोठ्या प्रसंगातून जाऊनही नेमाने करता आहात. मी मान हलवायचे. देवावर माझा फारसा विश्वास नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मला तेव्हा देवाची भीतीही वाटली नाही. सोय झाली, एवढंच वाटलं.

वहिनीही त्यावर एकदाच बोलली. तिच्याकडे दिवस-कार्य आटोपल्यावर मी गेले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "त्यांच्यासाठी सोडलात ना कांदा? ते कांद्याच्या ट्रकखाली गेले म्हणून?" तिने माझा हात आणखी घट्ट धरला. त्या क्षणी "नाही" म्हणायला फार तर एक शब्द लागला असता.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, पण शाळेत माझं नाव होतं ते वेळापत्रकासाठी. एका वर्गावर एकाच तासाला दोन शिक्षक गेलेत, असं मी वेळापत्रक करत होते तोवर घडलं नाही. निवृत्त झाल्यावर ते कसब वाया जाणार, असं वाटायचं. गेलं नाही. मी घराचं वेळापत्रक बसवलं. वहिनी संध्याकाळी खाली बागेत फिरते, तेव्हा आजोबा आत. ती देवळात गेली की आजोबांना पाच पावलं मागच्या फाटकापर्यंत नेऊन आणायचं. त्यांच्या घरासमोरच्या आमच्या गॅलरीचा पडदा कायमचा ओढलेला. वर्तमानपत्र आधी मी वाचायचे आणि अपघाताची बातमी असलेलं पान रद्दीत ढकलायचे. टीव्हीवर बातम्या बंद. मोठ्या रस्त्याकडची खिडकी बंद, कारण ट्रकचे हवेचे ब्रेक सुटताना जो फुस्स आवाज होतो त्याने ते दचकायचे. गाडी तर भंगारातच गेली होती. रिक्षाने जायचं तर वारज्याकडचा, हायवेला लागणारा रस्ता टाळून जायचं, त्यासाठी रिक्षावाल्यांशी हुज्जत. हळूहळू जाणंच कमी झालं आणि मग थांबलं.

घरात शांतता होती. मी त्या शांततेला बरं होणं समजले.

ते बरे होत नव्हते. दिवा लावून झोपायचे आणि तरी ओरडत उठायचे. माझ्या हातून ताटली पडली तर अंगावर धावून यायचे आणि मग तासन् तास गप्प. शब्दकोडं सोडवायचं सोडून दिलं. तुमच्या आईशी बोलताना 'हो' आणि 'नाही' एवढंच. एकदा मला म्हणाले, "मला कशाचं काही वाटतच नाही गं. तू मेलीस तरी वाटेल की नाही, सांगता येत नाही." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, आज पाणी येणार नाही असं सांगावं तसं. मी म्हटलं, "बरं झालं, मला घाई नाही." दोघेही हसलो नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि म्हणाले, वेळ जाऊ द्या. तुमच्या आईने मात्र फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, हा पीटीएसडी असणार, मोठ्या आघातानंतर होणारा आजार. बाबांना मानसोपचारतज्ज्ञाकडे ने."

मी म्हटलं, "तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला नाव असतं."

"नाव असलं की उपाय सापडतो, आई."

"त्यांना वेड लागलेलं नाही."

"मी म्हटलं का तसं?"

"तिकडे ने म्हणजे तेच झालं."

हा आजार लढाईवरून परत आलेल्या सैनिकांना होतो, असं मी इंग्रजी पुस्तकांत वाचलं होतं. खडकवासल्याच्या रस्त्याला लष्करी गाड्या दिसतात, त्यांतल्या कुणाला होत असेल, असं मी समजायचे. कोथरूडमधल्या निवृत्त इंजिनिअरला लग्नाहून येताना होतो, हे मला पटत नव्हतं. शब्दाचा अर्थ मला येत होता. त्याचा उपयोग मला करायचा नव्हता.

श्रावणापासून वहिनी आमच्याकडे येऊ लागली. बेल वाजली की मी दार अर्धंच उघडायचे.

"झोपलेत का?"

"हो, आत्ताच डोळा लागला."

"उठले की सांगा, मी येऊन गेले."

"सांगते."

मी सांगायचे नाही. सांगायची गरजही नसायची, ते आत सगळं ऐकत असायचे. दार लावून मी आत गेले की विचारायचे, "गेली?" मी "गेली" म्हटलं की त्यांचे खांदे खाली यायचे. ते खांदे खाली आलेले पाहून मला दर वेळी वाटायचं, चला, आजचंही निभावलं.

दिवाळीच्या आधी एकदा ती दारात जरा जास्त थांबली. म्हणाली, "मला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. पाच मिनिटं."

"बरं वाटू दे जरा, वहिनी."

"इतके महिने झोपलेलेच आहेत. मी काय खाणार आहे का त्यांना?"

हे ती हसत म्हणाली, पण हसू तोंडापुरतंच होतं. मी दार लावलं. नवरा शेवटी काय बोलला, एवढंच तिला हवं होतं. आणि ते तिला मिळू नये याची व्यवस्था मी चोख ठेवली होती.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. मी कांदा आणला नाही. विचारलं तर आता पथ्यावर पडलंय, पोटाला बरं वाटतं, असं सांगायचे. मग तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत एका सकाळी बेल वाजली. दारात वहिनी, हातात झाकलेला डबा. मी नेहमीसारखं अर्धं दार धरून उभी राहिले, पण या वेळी तिने ते सहज लोटलं आणि आत आली. म्हणाली, "त्यांच्यासाठी कांदा सोडलात, मग तो नेम सोडवायला कुणीतरी यायला हवं की नाही? मीच आले. माझ्या हातचे कांदेपोहे. चार घास खा आणि उपास सोडा." तिने टेबलावर डबा ठेवून झाकण काढलं. आजोबा तेव्हाच आंघोळ करून बाहेर येत होते.

पुढचं मी थोडक्यात सांगते. ते फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत खाली बसले. डोळे उघडे होते, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो. डावा हात शेजारच्या मोकळ्या जागेत काहीतरी ओढत होता, पुन्हा पुन्हा. "निघत नाहीये रे," ते म्हणत होते. "बेल्ट निघत नाहीये. ओढतोय मी. थांब, थांब ना." मी "अहो, अहो" म्हणत त्यांचा हात धरायला गेले तर मला जोरात ढकललं.

वहिनीने डबा उचलून बाहेर जिन्यात ठेवला आणि दार लावलं. मग ती त्यांच्यापासून जरा लांब फरशीवर बसली. तिचे गुडघे दुखतात, तिला खाली बसता येत नाही, तरी बसली. मोठ्याने, शांतपणे म्हणाली, "भावजी, हे तुमचं घर आहे. कोथरूड आहे. सकाळ आहे. मी आहे." तेवढंच ती परत परत म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनी तिला ओळखल्याचं आम्हा दोघींनाही कळलं, कारण त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला.

त्यांना आत झोपवून मी स्वयंपाकघरात आले. ती ओट्याशी उभी होती.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"कांद्याच्या वासाने होतं?"

"हो."

"म्हणजे तो चातुर्मास आमच्या यांच्यासाठी नव्हता."

"नाही."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. म्हणाली, "मी बहिणीला सांगितलं होतं. दिराला सांगितलं. मैत्री असावी तर अशी, म्हटलं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "बरंच चांगलं सांभाळलंत तुम्ही. कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. भावजींनाही." आणि दाराशी जाऊन वळून म्हणाली, "डॉक्टरला दाखवा. माझ्यासाठी नका दाखवू, भावजींसाठी दाखवा. चांगला माणूस आहे तो."

आजोबा आधी नाहीच म्हणाले. "काय सांगू त्यांना? मित्र मेला आणि मी वाचलो, यावर गोळी असते का?" मग थोड्या वेळाने विचारलं, "तिने ऐकलं?"

"हो."

"काय ऐकलं?"

"बेल्ट."

ते भिंतीला पाठ लावून बसले. मग म्हणाले, "घे वेळ मागून."

दवाखाना आमच्यापासून फार लांब नाही, दुसऱ्या मजल्यावर आहे. आत शिरलो तर समोरच्या बाकावर आमच्या सोसायटीचे चेअरमन बसलेले, चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र. उलटं धरलेलं नव्हतं, पण जवळजवळ तसंच.

"आपण इथे?" ते म्हणाले.

"डोळे तपासायला," तुमचे आजोबा म्हणाले.

"हो का? मीही त्यासाठीच."

त्या इमारतीत डोळ्यांचा डॉक्टर नाही. ते दोघे शेजारी शेजारी बसून मोतीबिंदूवर बोलत राहिले. कित्येक महिन्यांत आजोबा एवढं बोलले नव्हते.

आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासलं, औषध सुरू केलं. मग त्यांनी आम्हाला तिथल्याच मानसशास्त्रज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी म्हणते, पण तुमच्या आईएवढी असेल. तिने आजोबांना सांगितलं ते मला आठवतं तसं लिहिते, कारण ते तुम्हालाही माहीत असावं. ती म्हणाली, "काका, एरवी घडलेली गोष्ट मेंदू घडून गेली म्हणून ठेवून देतो. हा अपघात तुमच्या मेंदूने अजून तसा ठेवलेला नाही. त्यामुळे कांद्याचा वास आला की तुम्हाला अपघात आठवत नाही, तो तुमच्यावर पुन्हा होतो. यात मनाचा दुबळेपणा नाही, वेडही नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वेळ लागेल आणि मध्ये जास्त त्रास झाल्यासारखं वाटेल. पण पुष्कळ लोक यातून बरे होतात."

आजोबांनी विचारलं, "आणि मी वाचलो त्याचं काय?"

ती म्हणाली, "त्यावरही बोलू. त्यासाठीच बसायचंय आपल्याला."

मग ती माझ्याकडे वळली. "काकू, घरी तुम्ही कसं सांभाळता?"

मी सगळं सांगितलं. मला लपवायचं काही नव्हतं, खरं तर मी थोडी कौतुकाची वाट पाहत होते. पडदा, खिडकी, वर्तमानपत्राचं पान, रिक्षाचा रस्ता, चातुर्मास, वहिनीची वेळ आणि यांची वेळ. ती मध्येच थांबवत नव्हती. माझं संपल्यावर म्हणाली, "फार कष्ट घेतलेत तुम्ही. प्रेमापोटीच घेतलेत." आणि जरा थांबून, "पण काकांना दर वेळी त्यातून काय कळत गेलं असेल, सांगू? कांदा खरंच भयंकर आहे. खिडकी खरंच धोक्याची आहे. समोरच्या काकू समोर आल्या तर आपण टिकणार नाही. नाहीतर घरातलं माणूस एवढी तजवीज कशाला करेल?"

मी आजोबांकडे पाहिलं नाही. मला डोळ्यांसमोर आमच्या गॅलरीचा पडदा दिसत होता. तो मी स्वतः बोहरी आळीतून कापड आणून शिवला होता, चांगल्या जाड कापडाचा.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "यात दोष नाही."

तिचं ते बोलणं चांगुलपणाचं होतं आणि ते मला लागू पडत नाही. यांच्या बाबतीत मला माहीत नव्हतं, हे खरं. पण वहिनीला मी अर्ध्या दारातून परत पाठवत होते तेव्हा तिचा चेहरा मला दिसत होता. त्यासाठी शिक्षण लागत नाही.

उपचार हिवाळाभर आणि उन्हाळाभर चालले. आजोबा दर आठवड्याला जायचे आणि तिच्यासमोर तो सबंध दिवस सुरुवातीपासून सांगायचे. लग्न, जेवण, परतीचा रस्ता, उतार. पुन्हा पहिल्यापासून. परत आले की दिवसभर चिडचिड करायचे. एकदा म्हणाले, "पैसे देऊन रडायला जातो मी." दोनदा बंद करतो म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच चपला घालून दारात उभे राहिले.

घरचा अभ्यास कांद्याचा होता. आधी एक अख्खा कांदा गॅलरीत ठेवायचा आणि आतून पाहायचा. जमलं की जेवणाच्या टेबलावर. जमलं की हातात घ्यायचा, मग सोलायचा. एका दुपारी कांदा टेबलावर होता आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. ते पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी तो उचलून पदराखाली घेतला. ते परत आले, टेबलाकडे पाहिलं.

"कांदा कुठे गेला?"

"होता की."

"अगं, कांद्याला पाय नसतात. ठेव तिथे."

मी ठेवला. हे त्यांनी तिकडे जाऊन त्या मुलीला सांगितलं. पुढच्या खेपेला त्या मुलीने मला एकटीला बोलावलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मीही जाते. चेअरमन भेटले तर आम्हीही डोळ्यांविषयी बोलतो.

खिडकी उघडली. पडदा आजोबांनी स्वतः बाजूला सारला, माझी परवानगी न विचारता. एकदा रिक्षाने वारज्यापर्यंत जाऊन आले, घरी येऊन दोन तास झोपले. पण वहिनीकडे जाणं राहिलं होतं, आणि ते उरकल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट आहे, हे त्यांनाही दिसत होतं. त्या मुलीने घाई केली नाही. तुम्ही तयार असाल तेव्हा, आणि त्यांना अजून ऐकायचं असेल तर, एवढंच म्हणाली.

या वर्षी आषाढ लागला. एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते. चातुर्मास पाळणारे लोक त्या दिवशी पोटभर कांदा खाऊन घेतात. कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका. सकाळी आजोबांनी फोन उचलला आणि मी ऐकत असताना म्हणाले, "वहिनी, आज कांदेनवमी. भजी करतोय. याल का?" पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "नाही, झोपलेलो नाही."

कांदा त्यांनी चिरला. हळू, जाड, वेडावाकडा. मध्ये दोनदा सुरी खाली ठेवून गॅलरीत जाऊन आले. मी उठले नाही. पिठात मीठ घालायचं विसरले आणि तेही मी सांगितलं नाही.

वहिनी आली तेव्हा मी दार पूर्ण उघडलं. ती माझ्याकडे न पाहता आत गेली. टेबलाशी ते समोरासमोर बसले आणि आजोबांनी सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, पण ऐकू येत होतं. बेल्ट अडकला होता. उजवा हात मोडलेला, डाव्याने ओढत होते, निघाला नाही. समोरचे आजोबा आधी म्हणाले, "बेल्ट काढ रे." मग म्हणाले, "राहू दे, शहाण्या. बस जरा." मग वहिनीचं नाव घेतलं. फक्त नाव. दोनदा.

वहिनीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग आजोबा म्हणाले, "आणखी एक आहे. बोगद्याच्या आधी तो चहाला थांबू म्हणाला होता. मी म्हटलं, घरी जाऊन पिऊ. थांबलो असतो तर तो ट्रक पुढे निघून गेला असता." हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना घरात इतकं जपलं आणि हे मला माहीत नव्हतं.

"चहा?" वहिनी म्हणाली. "साखरेचा?"

"आणखी कसला."

"डॉक्टरांनी बंद केला होता. मला म्हणायचे, सोडला." ती रडत होती आणि आवाजात राग होता, खराखुरा, बायकोचा. "रोज तुमच्याबरोबर जाऊन प्यायचे ना?"

"रोज."

"तुम्ही दोघेही सारखेच."

मी भजी नेऊन ठेवली. ती अळणी होती. तिघांनी खाल्ली. आजोबांनी दोन खाल्ली आणि ताट जरा लांब सरकवलं, पण उठले नाहीत.

निघताना मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. माफी मागायची, हे मी मनाशी ठरवलं होतं, इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "भावजींचं मला समजलं, वहिनी. आजारी होते. तुम्ही आजारी नव्हतात." आणि जिना उतरून गेली.

आजोबा आता सकाळी तिच्या नातवाच्या सायकलीत हवा भरून देतात आणि गॅलरीतून तिच्याशी बोलतात. मीही दर दोन-तीन दिवसांनी तिच्या दाराशी जाते आणि बेल वाजवते. कधी ती दार उघडते आणि आम्ही हवापाण्यावर बोलतो. पुष्कळदा तिची सून येते, दार अर्धं धरते आणि म्हणते, "आईंचा आत्ताच डोळा लागलाय." आतून टीव्हीचा आवाज येत असतो. मी म्हणते, "बरं, उठल्या की सांग, मी येऊन गेले." सून म्हणते, "सांगते." मग मी जिना उतरून घरी येते. दवाखान्यातल्या त्या मुलीला मी हे सांगितलं, तर तिने विचारलं, "काकू, तुम्ही तरी जाता, ते का?" मी म्हटलं, ती माझ्या दारात किती वेळा आली, ते मला आठवतंय म्हणून.

काल गेले होते. उद्या पुन्हा जायचं आहे.